पहिल्या घराआधी लावलेली झाडं

(रौप्यमहोत्सवी समारंभात केलेलं भाषण)



सेक्रेटरी साहेब म्हणाले, काका, पंचवीस वर्षांचा हिशेब मांडा. बँकेत छत्तीस वर्षं पैशाचाच हिशेब केला जी. आज झाडांचा मांडतो.

1985 च्या सुमारास माझी बदली मुंबईला झाली. एका खोलीत आम्ही चौघं राहायचो. जीव गुदमरला की मी दादर पूर्वेला पारशी कॉलनीत फाइव्ह गार्डन्सला जाऊन बसायचो. राजुऱ्याच्या माणसाला मुंबईत सावली सापडली ती तिथं.

या वस्तीच्या मुळाशी एक साथ आहे. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला. दाटीवाटीच्या चाळींतून माणसं पटापट गेली. मग 1898 मध्ये सरकारनं सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला आणि पुढे दादर-माटुंग्याकडे रुंद रस्त्यांच्या, मोकळ्या जागांच्या वस्त्या आखल्या गेल्या. गंमत म्हणजे त्याच वर्षी इंग्लंडात एबेनेझर हॉवर्ड यांचं बागनगराची कल्पना मांडणारं पुस्तक निघालं. हे गृहस्थ पेशानं लघुलेखक, म्हणजे आपल्यासारखेच टेबल-खुर्चीवाले!

दादरला मंचेरजी जोशी नावाचे अभियंता होते. आडनाव जोशी, पण माणूस पारशी. त्यांनी ट्रस्टच्या मागे लागून मध्यमवर्गीय पारशांसाठी 103 प्लॉट राखून घेतले. आणि पहिलं घर उभं राहायच्या आधी रस्त्यांच्या कडेला झाडं लावली, रस्त्यागणिक वेगळ्या जातीची. इमारती दोन मजल्यांहून उंच जाऊ द्यायच्या नाहीत असं ठरवलं. वस्तीला भिंत घातली नाही. बागेत कोणीही येऊन बसावं. मी बसलोच की.

आज तिथला भाव चौरस फुटावर मोजतात. आजूबाजूला टॉवर उठले. तरी सावली टिकली, कारण झाडाची किंवा बागेची बाब निघाली की रहिवासी बोलायला उठतात. सगळे खूश आहेत असंही नाही. वारसा म्हटलं की दुरुस्ती अडते, पुनर्बांधणी अडते, अशी कुरकुर असतेच. जुन्या घरातल्या गळतीखाली बादली ठेवणाऱ्याला आपण काय सांगणार?

आता आपलं. आपण उलट्या क्रमानं गेलो. आधी घरं, मग कंपाउंड, मग गेट, आणि उरलेल्या जागेत झाडं. ओपन स्पेसमधले करंज आणि कडूलिंब आपल्या वहिनींनी भांड्याचं पाणी घालून जगवले. मे महिन्यात पारा सत्तेचाळीसला टेकतो, सास्तीकडून वारा आला की ओट्यावर काळी धूळ बसते. तेव्हा संध्याकाळी सगळे खुर्च्या घेऊन जातात कुठं? त्याच झाडांखाली ना?

एक कबुली देतो. 2009 मध्ये मी कार घेतली. पोर्चसाठी दारातला आठ वर्षांचा कडूलिंब तोडला. सौ. दोन दिवस बोलली नाही. पुढच्या उन्हाळ्यात त्या खोलीत एसी बसवावा लागला. कार कधीच विकली, पण एसीचं बिल अजून भरतो आहे. बँकेचा माणूस असून एवढा साधा हिशेब मला जमला नाही.

येत्या आमसभेत ओपन स्पेसवर गट्टू बसवून पार्किंग करायचा विषय आहे. गाड्या वाढल्या, अडचण खरी आहे. तरुण सभासदांना मी दोष देत नाही. पण मी विरोधात मत देणार, हे आजच जाहीर सांगतो. गाड्यांसाठी मागच्या गेटजवळची पट्टी मोजून पाहू. टेप माझ्याकडे आहे, उद्या सकाळी सात वाजता ज्यांना यायचं त्यांनी यावं.

आणि माझ्या पोर्चची एक फरशी काढून खड्डा खणून ठेवला आहे. मृगाचा पाऊस पडला की रोप लावतो. खड्डा सौ.ने पाहिला आहे, अजून काही बोलली नाही.