रानातल्या मालाचा पंचनामा कोण करणार?



तुम्ही कापूस-ज्वारीवाले. आम्ही शहापूर-मुरबाडच्या डोंगरातले. भात, नागली आणि रानातल्या मालावर जगणारे. तरी आपले दुखणे एकच. बोंड फुटल्यावर पाऊस आला की कापसाची कवडी होते, दाणा भरल्यावर आला की ज्वारी काळी पडते. आमची गुळवेल तुकडे करून उन्हात वाळवावी लागते. अर्धी वाळलेली भिजली की बुरशी चढते, मग व्यापारी हात लावत नाही.

२०२० साली कोरोनात गुळवेलीची मागणी वाढली. शहापूरच्या कातकरी तरुणांनी वनधन केंद्रातून ती औषध कंपन्यांना विकली. रानातल्या मालाला दाम मिळू शकतो, हे दिसले.

पण आभाळाची चाल बदलली आहे. १९०१ ते २०१८ या काळात देशाचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशांनी वाढले. अरबी समुद्र तापला, तिथली वादळे वाढली. ३ जून २०२० ला 'निसर्ग' आले, पुढच्याच मे महिन्यात 'तौक्ते'. हे वाळवणाचे दिवस! माळशेज घाट चढून गेले की जुन्नर, त्यापुढे आंबेगाव. तिथे 'निसर्ग'ने हिरड्याचे मोठे नुकसान केले. हिरडा भरपाईच्या नियमांत बसेना. आदिवासी शेतकऱ्यांना त्यासाठी वर्षानुवर्षे मोर्चे काढावे लागले.

हिमालयात उष्मा वाढला की थंडाव्याची झाडे वर सरकतात. आमच्या माहुलीचा माथा तीन हजार फूटही नाही. तिथल्या कंदांनी, वेलींनी सरकायचे कुठे?

सगळा दोष आभाळाचा नाही. भाव चढला की मुळासकट ओरबाडणारेही आहेत. गुळवेल चिवट, खालून तोडली तरी वरून मुळ्या सोडते. प्रत्येक झाडपाल्यात ते बळ नसते. म्हणून तोडीचे नियम ग्रामसभेने करावेत आणि पाळावेत.

२००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनउपजाची मालकी आम्हाला दिली. मालकी आमची, मग नुकसान झाले की माल कुणाचाच नाही, हा कुठला न्याय? शेतातल्या पिकाचा पंचनामा होतो, तसाच हिरड्या-गुळवेलीचा व्हावा. गावोगाव वाळवणाला छप्पर आणि माल ठेवायला गोदाम मिळावे.

तुमच्या भिजल्या कापसासाठी आम्ही तुमच्याबरोबर उभे राहू. आमच्या भिजल्या गुळवेलीसाठी तुम्ही या. आजच्या ठरावात एवढी एक ओळ घाला.