पाना कोणाच्या हातात?

(महिला गटांच्या कार्यकर्त्यांच्या निवासी शिबिरात 'घरातील श्रम आणि कौशल्य' या सत्रात केलेले भाषण, थोडे संक्षिप्त करून.)



या सत्रात चूल, पाणी, सरपण, मुलेबाळे यांवर आपण बोलणारच आहोत. त्याबद्दल तुमच्यापैकी प्रत्येकीजवळ माझ्यापेक्षा जास्त अनुभव आहे. म्हणून मी मुद्दामच लांबचे उदाहरण घेणार आहे. घरातल्या सगळ्यांनी मिळून, हौसेने, एक गंजलेली जुनी मोटार दुरुस्त करणे! काही जणी हसल्या, ते ठीकच आहे. पण विचार करा. हे काम कोणावर लादलेले नाही. त्यात पोटाचा प्रश्न नाही, रीतिरिवाज नाही, सासू नाही. तरीही त्यात श्रमांची वाटणी कशी होते, कौशल्य म्हणून कशाला मान मिळतो आणि शेवटी मालकी कोणाची ठरते, हे पाहिले की आपल्या घरातले बरेच काही उलगडू लागते.

एम.एस.डब्ल्यू. झाल्यावर काही वर्षे इथे काम करून मी अडीच वर्षे अमेरिकेत, मिशिगन राज्यात राहिले. डेट्रॉइट, फ्लिंट ही मोटार कारखान्यांची शहरे याच राज्यातली. तिथे 'मसल कार' हा शब्द घरोघरी ऐकू येतो. मसल म्हणजे स्नायू. १९६४ साली पॉन्टिअॅक कंपनीने मध्यम आकाराच्या गाडीत ६.४ लिटरचे दांडगे इंजिन बसवून 'जीटीओ' बाजारात आणली, तिथून या गाड्यांची लाट आली असे मानतात. आपल्याकडच्या मारुती ८०० चे इंजिन ०.८ लिटरचे, म्हणजे हे त्याच्या आठपट. नावातच मर्दानी रुबाब होता आणि जाहिरातींतही तोच. १९७० चा हवाशुद्धीचा कायदा, विम्याचे वाढलेले हप्ते आणि १९७३ ची तेलटंचाई यांनी ती लाट ओसरली. गाड्या मात्र घरामागच्या शेडमध्ये उभ्या राहिल्या.

आणि गंजल्या. तिकडे हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकतात. डेट्रॉइट शहराच्या खालीच मिठाची मोठी खाण आहे! ते खारे पाणी गाडीच्या पोटाखाली, मडगार्डच्या आत, दारांच्या खालच्या घडीत साचते आणि पत्रा आतून खाते. वरून रंग शाबूत दिसतो, बोटाने दाबले की भोक पडते. अत्याचार सहन करणाऱ्या घरांबद्दल आपण असेच बोलतो, नाही का?

आमच्या शेजारी असे एक कुटुंब होते. आजी, तिचा मुलगा, सून, चौदा वर्षांची नात आणि अकरा वर्षांचा नातू. त्यांच्याकडे १९७० सालची शेव्हरले शेव्हेल पंचवीस-तीस वर्षे ताडपत्रीखाली पडून होती. आजोबा वारले आणि घरच्यांनी ठरवले की दर शनिवारी सगळ्यांनी मिळून ती उभी करायची. मला उत्सुकता वाटली, म्हणून मीही जाऊ लागले.

काम कसे चालते ते आधी सांगते. प्रथम गाडी जॅकने उचलून चार मजबूत लोखंडी स्टँडवर ठेवायची. नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणीही खाली शिरायचे नाही. जाम झालेल्या बोल्टांवर झिरपणारे तेल सोडून रात्रभर थांबायचे. सुटलेला प्रत्येक नट, प्रत्येक क्लिप वेगळ्या पिशवीत घालून वर चिठ्ठी लावायची, फोटो काढायचा, वहीत नोंद करायची. इंजिन एकदम चावी फिरवून सुरू करायचे नाही. सिलिंडरमध्ये तेल सोडून ते आधी हाताने फिरते का ते बघायचे. टाकीतले जुने पेट्रोल चिकट झालेले असते, ते उपसायचे. मग गंजलेला पत्रा निरोगी धातू लागेपर्यंत कापायचा, नवा तुकडा बेतून वेल्डिंग करायचा, घासायचा, लांबी भरायची, पुन्हा घासायचा, मग अस्तराचा रंग. वर नुसती लांबी थापून रंग दिला तर दोन हिवाळ्यांत गंज पुन्हा वर येतो.

आता वाटणी बघा. पहिल्या शनिवारी कोणी काही ठरवलेले नव्हते. तरी वडील गाडीखाली, मुलाच्या हातात पाना, मुलगी फरशी झाडते आहे, पिशव्यांवर चिठ्ठ्या लिहिते आहे आणि हाक आली की हत्यार देते आहे. सून सँडविच करून आणते, तेलकट कपडे धुते. आजी खुर्चीवर. कोणी कोणाला रागावले नाही, हुकूम दिला नाही. सगळे प्रेमाने चालले होते. आपल्याला नेमके हेच समजून घ्यायचे आहे. लिंगभावाची वाटणी दरवेळी काठी घेऊन येत नाही. बऱ्याचदा ती 'तुझं अक्षर छान आहे, तूच लिही' असे म्हणत येते.

पुढे मुलीनेच विषय काढला. 'मी तीन महिन्यांत एकही बोल्ट सोडवलेला नाही,' असे ती जेवताना म्हणाली. वडील चांगले गृहस्थ होते. म्हणाले, वेल्डिंग धोक्याचे आहे. ती म्हणाली, मग धाकट्याला कसे शिकवता? याला उत्तर नव्हते. तिने भंगार पत्र्याच्या पट्ट्यांवर कितीतरी दिवस सराव केला. पातळ पत्र्यावर सलग सांधा ओढला तर उष्णतेने पत्रा वाकतो, भोक पडते. म्हणून एक ठिपका इथे, एक तिथे, मध्ये थंड होऊ द्यायचे. ज्याला धीर आहे त्याचे हे काम, ताकदीचे नव्हे. बसण्याच्या जागेखालचा तळाचा पत्रा शेवटी तिने जोडला. वडिलांनी निम्मे सांधे घासून पुन्हा केले. खरोखर गरज होती की नव्हती हे मला सांगता येणार नाही, पण धाकट्याने सोडवलेले बोल्ट कोणी पुन्हा तपासत नव्हते एवढे मी पाहिले.

दुसरी गोष्ट आजीची. सीटांची कव्हरे फाटली होती, उंदरांनी आतला कापूस काढला होता. बाहेरून शिवून घ्यायचा खर्च मोठा होता. आजी म्हणाली, मी शिवते. तेव्हा कळले की तिने मोटारीच्या कारखान्यात सीटा शिवण्याच्या खात्यात उमेदीची वर्षे घालवली होती. मोटार कारखान्यांत शिलाईच्या खात्यांत बायकाच जास्त असत. तिने जुने कव्हर उसवून त्याचे तुकडे नमुन्यासाठी मांडले, जाड व्हिनाइलवर एका मापाचे टाके घातले. कुठेही चुणी नाही. सगळ्यांनी वाहवा केली. आणि गाडीसाठी काय काय काम झाले याची यादी भिंतीवर लिहिली तेव्हा त्यात इंजिन आले, ब्रेक आले, पत्रा आला. शिलाई आली नाही. 'ते तर आजीने केलं,' असे म्हणाले. बायकोने, आईने केले की ते कौशल्य राहत नाही, माया होते. गोधडी शिवणाऱ्या, बियाणे राखणाऱ्या, बाळंतपण करणाऱ्या आपल्या बायकांचे हेच झाले आहे.

तिसरी गोष्ट तब्येतीची. ती नीट ऐका, कारण गॅरेज, कारखाना किंवा भंगाराचे काम करणाऱ्यांच्या बायका तुमच्या वस्त्यांतही आहेत. त्या काळच्या ब्रेक लायनरमध्ये आणि क्लचमध्ये अॅस्बेस्टॉस असे. जुन्या रंगात आणि पत्र्याच्या सांध्यांत शिसे असे. ब्रेकचा डबा उघडून फुंकर मारली किंवा हवेचा झोत सोडला की ती धूळ छातीत जाते. आणि ती कपड्यांवरून घरात येते. लंडनमध्ये १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले की अॅस्बेस्टॉसमुळे होणारा छातीच्या अस्तराचा कर्करोग कारखान्यात कधीही पाऊल न ठेवलेल्या, फक्त घरच्या कामगाराचे कपडे धुणाऱ्या बायकांनाही झाला होता. कारखान्याच्या हजेरीपटावर त्यांचे नाव नव्हते. कपडे धुणे हे काम धरलेच नव्हते, तर त्या कामाचा आजार कोण धरणार?

शेजारची सून दवाखान्यात नर्स होती. तिने नियम केले. ब्रेकची धूळ ओली करून पुसायची, फुंकायची नाही. चांगला मास्क हवा, रुमाल चालणार नाही. रंग घासताना मुलांनी बाहेर राहायचे. कामाचे कपडे शेडमध्येच काढायचे, वेगळे धुवायचे आणि ज्याचे त्याने धुवायचे. दोन भाग मिसळून मारायचा रंग घरी मारायचा नाही, कारण त्यातल्या रसायनाने कायमचा दमा होऊ शकतो. आधी सगळे कुरकुरले, नंतर पाळू लागले.

आता मालकी. सगळे त्या गाडीला 'आजोबांची गाडी' म्हणत. कागदही आजोबांच्या नावावर. एकदा शिवता शिवता आजी सहज म्हणाली, 'हप्ते माझ्या पगारातून जात होते.' मग नाव का नाही? त्या काळी कर्ज देणारे बाईच्या अर्जावर नवऱ्याची सही मागत, तिचा पगार धरायलाच तयार नसत. कर्ज देताना स्त्री आहे किंवा विवाहित आहे म्हणून भेदभाव करता येणार नाही, असा कायदा अमेरिकेत १९७४ साली झाला. ही गाडी त्याच्या आधीची.

याच्या बाजूला एक प्रसिद्ध उदाहरण ठेवते. फोर्ड कंपनीची 'मस्टँग' १७ एप्रिल १९६४ ला जाहीर झाली. तिचे पहिले गिऱ्हाईक म्हणून ओळखली जाते ती शिकागोची गेल वाइज, बावीस वर्षांची, नुकतीच शिक्षिका झालेली मुलगी. तिने दोन दिवस आधीच, १५ एप्रिलला, फिकट निळी उघड्या टपाची गाडी घेतली. पैसे आईवडिलांनी उसने दिले. पुढे लग्न झाले, मुले झाली, गाडी बिघडून घरच्या गॅरेजमध्ये सत्तावीस वर्षांच्या आसपास पडून राहिली आणि नवऱ्याने निवृत्तीनंतर ती दुरुस्त केली. तरी ती आजही 'गेलची मस्टँग' आहे, कारण मूळ पावती तिच्या नावाची आणि ती तिने जपून ठेवली. दोघीही कमावत्या. एकीचे नाव कागदावर आले, एकीचे आले नाही. घर, शेत, रेशनकार्ड, दुकानाचा परवाना यांबाबत आपण हेच तर सांगत असतो.

शेजारच्या घरात यावर दोन आठवडे अबोला होता. मुलाचे म्हणणे, वडिलांची आठवण आहे, ती माझ्या नावावर होऊन पुढे माझ्या मुलाला जावी. नात म्हणाली, कोणाला द्यायची ते आजी ठरवेल. शेवटी गाडीचा कागद आजीच्या नावावर झाला. मी परत आले तेव्हा गाडीला रंग लागायचा होता आणि आजीने पुढचे काही सांगितलेले नव्हते. तो तिचा हक्क आहे.

'बाईला यंत्रातले कळत नाही' हे वाक्य तुम्हाला ऐकवले जाईल, तेव्हा तीन नावे लक्षात ठेवा. पहिले बर्था बेंझ. ऑगस्ट १८८८ मध्ये नवऱ्याने बनवलेली मोटार घेऊन ती दोन मुलांसह जर्मनीत शंभरावर किलोमीटरचा प्रवास करून माहेरी गेली. इंधनाची नळी तुंबली ती टोपीच्या पिनेने साफ केली, ब्रेकला चांभाराकडून चामडे लावून घेतले. त्या धंद्यात तिचे माहेरचे पैसेही होते. दुसरे सुधा मूर्ती. 'स्त्रियांनी अर्ज करू नये' अशी टेल्कोची जाहिरात वाचून १९७४ मध्ये त्यांनी थेट जे.आर.डी. टाटांना पोस्टकार्ड लिहिले आणि तिथे इंजिनीअर म्हणून लागल्या. तिसरे नाव एकीचे नाही. उत्तर प्रदेशात बांदा जिल्ह्यात महिला समाख्येच्या कामातून नव्वदच्या दशकात खेड्यातल्या, बहुतेक निरक्षर, दलित बायका हातपंप दुरुस्त करायला शिकल्या. पाणी भरणार बाई, पण पंप बिघडला की वाट बघायची मेस्त्रीची, हे त्यांनी मोडले. ज्या विहिरीवर त्यांना पाणी भरू दिले जात नव्हते त्या वस्त्यांना त्यांच्या पान्याची गरज पडू लागली.

म्हणून गटात परत गेल्यावर तीन गोष्टी करून बघा. एक, घरातली हत्यारे कुठे ठेवली आहेत आणि ती कोण हातात घेते याची प्रत्येकीने नोंद करावी. कुकरचे हँडल, सायकलची चेन, दिव्याचा फ्यूज, मोटरपंप. यांतले एक काम स्वतः शिकावे आणि ते मुलीला शिकवावे. दोन, घरात कोणी गॅरेजमध्ये, वेल्डिंगवर, रंगकामावर असेल तर कामाचे कपडे वेगळे आणि ज्याचे त्याने धुण्याचा नियम करावा. हा आरोग्याचा प्रश्न आहे, मानापमानाचा नाही. तीन, ज्या वस्तूचे हप्ते तुमच्या कमाईतून जातात, मग ती स्कूटी असो, शिलाई मशीन असो की म्हैस, तिची पावती कोणाच्या नावावर आहे ते आज रात्री आठवून बघा आणि उद्या सकाळच्या सत्रात सांगा. नावे फळ्यावर लिहू. किती पावत्या बाईच्या नावाच्या निघतात ते सगळ्या मिळून मोजू आणि ज्या बदलता येतील त्या कशा बदलायच्या, यावर दुपारी बोलू.