जादूच्या पडद्यामागें



जादूगाराची युक्ति कळली कीं त्याच्या खेळाची गोडी संपते, असा सामान्य समज आहे. चित्रपटाच्या बाबतींत मात्र अनुभव निराळा येतो. न्यूझीलंडचे दिग्दर्शक पीटर जॅक्सन यांनीं टॉल्किनच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या अद्भुतकथेवर केलेले तीन चित्रपट २००१, २००२ व २००३ सालीं प्रदर्शित झाले. पुढें घरीं पाहण्यासाठीं त्यांच्या विस्तारित आवृत्त्या निघाल्या, त्यांना निर्मितीची हकीगत सांगणारे कित्येक तासांचे अनुबोधपट जोडलेले होते. मूळ चित्रांइतक्याच आवडीनें ते पुन्हां पुन्हां पाहणारीं माणसें आहेत. हें आकर्षण कशाचें?

पहिलें कारण निव्वळ कौतुकाचें. बुटका हॉबिट व उंच जादूगार एका मेजाशीं बसलेले दिसतात. वास्तविक एक नट कॅमेऱ्यापासून बराच दूर बसलेला असतो, आणि मेजाचे दोन भाग त्या अंतराच्या हिशेबानें दोन मापांचे केलेले असतात. कॅमेरा हलला कीं भ्रम मोडावयाचा; म्हणून त्याच्याबरोबर नटालाही सरकविण्याची योजना केली होती. हॉबिटांचें गांव नांदतें दिसावें म्हणून तेथील बागा चित्रीकरणाच्या सुमारें वर्षभर आधीं लावल्या. दुसऱ्या चित्रांतील राक्षससैन्याच्या गर्जनेसाठीं तर २००२ सालीं वेलिंग्टन येथें क्रिकेटचा सामना पाहण्यास जमलेल्या हजारों प्रेक्षकांचा आवाज घेतला!

परंतु खरें कारण याहून खोल आहे. सैनिकांच्या चिलखतांसाठीं प्लॅस्टिकच्या नळीच्या चकत्या कापून एकेक कडी हातानें जोडलेली आपण पाहतों. थिओडेन राजाची भूमिका करणारे बर्नार्ड हिल सांगतात कीं, त्यांच्या चिलखताची आंतली बाजूही नक्षीनें सजविली होती. ती कॅमेऱ्याला दिसणार नव्हती; दिसणार होती केवळ तें चढविणाऱ्या नटाला. ज्या कामास कोणी पाहणारा नाहीं, तेंही मनापासून करणारीं माणसें पाहून आपल्या मनाला उभारी येते. युक्ति कळल्यानें विस्मय नाहींसा होत नाहीं. तो कथेकडून कारागिराकडे वळतो.

आपल्याकडे हें नवें नव्हे. पुराणांतील चमत्कार पडद्यावर आणणारे दादासाहेब फाळके यांनीं १९१७ च्या सुमारास 'चित्रपट कसे तयार करतात' हा लघुपट काढून आपली कार्यशाळाच लोकांपुढें उघडी केली होती. युक्ति सांगितल्यानें प्रेक्षक दुरावेल, अशी भीति त्यांना वाटली नाहीं.

एक सावधगिरी मात्र हवी. असे अनुबोधपट बहुधा निर्मात्यांच्याच आश्रयानें निघतात. त्यांत उत्साह भरपूर दिसतो, मोबदल्याचे वाद क्वचित्. जॅक्सन यांच्याच 'हॉबिट' चित्रपटांच्या वेळीं, २०१० सालीं, नटांच्या करारांचा तंटा इतका वाढला कीं, न्यूझीलंडच्या सरकारनें कामगारविषयक कायदाच बदलला. कारागिराचें कौतुक करतांना त्याच्या हक्काचा विसर पडूं नये.

चित्रपट संपतांना नांवांची लांबलचक यादी सरकूं लागते आणि आपण उठून चालूं लागतों. पुढच्या वेळीं दोन मिनिटें बसून ती वाचावी. त्यांतील एखाद्यानें कोणालाही न दिसणारी नक्षी कोरलेली असेल.