आपल्या मातीवरचे प्रबंध



भोकरदनच्या पांढरीत १९७३ साली उत्खनन झालं. नागपूर विद्यापीठ आणि मराठवाडा विद्यापीठ यांनी मिळून ते केलं आणि शां. भा. देव व र. शं. गुप्ते यांचा अहवाल पुढच्याच वर्षी छापून आला. त्या मातीतून हस्तिदंताच्या एका स्त्रीमूर्तीचा भाग निघाला. साधारण तशाच घडणीची मूर्ती १९३८ मध्ये इटलीतल्या पॉम्पेईत, ज्वालामुखीच्या राखेखाली सापडलेली होती. आपल्या राजूरजवळचं भोकरदन हे गाव दोन हजार वर्षांपूर्वी रोमपर्यंतच्या व्यापाराशी जोडलेलं होतं. सांचीच्या स्तूपाला दान देणाऱ्यांत भोगवर्धनचे, म्हणजे भोकरदनचे, लोक होते. त्यांची नावं तिथे दगडावर कोरलेली आहेत.

आज बोलायचं आहे ते त्या मूर्तीबद्दल नाही. अशा गोष्टींवर वर्षानुवर्षं खपून विद्यापीठांतून जे प्रबंध लिहिले जातात, ते आपल्याला सापडत का नाहीत आणि ते शोधायचे कसे, हा आजचा विषय आहे. हा विषय गावात कशाला, असं कुणी विचारील. माझं उत्तर सरळ आहे. या प्रबंधांसाठी लागलेला पैसा बहुतेक वेळा जनतेचा असतो, माहिती तुमच्या शेतातून, विहिरीतून, देवळातून, घरातून गोळा केलेली असते. ते वाचण्याचा पहिला हक्क तुमचा आहे.

भोकरदनचंच उदाहरण पुढे नेतो. एखाद्या मुलानं संगणकावर ‘जालना जिल्ह्याचा प्राचीन इतिहास’ असं टाकलं, तर त्याच्या हाती थोडंफार लागेल. पण खरा ऐवज तिथे नाही. तो सातवाहनांच्या नाण्यांवरच्या प्रबंधात असतो, भारत-रोम व्यापारावरच्या प्रबंधात असतो, हस्तिदंती कारागिरीवरच्या, बौद्ध दानलेखांवरच्या प्रबंधात असतो. तिथे भोकरदनला एखादं प्रकरण नसेल, दोन पानं असतील. पण ती दोन पानं त्या विषयातल्या माणसानं लिहिलेली असतात. म्हणून शोध गावापासून सुरू केला तरी तो विषयाकडे वळवावा लागतो. गावाचं नाव, मग वस्तू, मग काळ, मग विद्याशाखा.

दुसरी अडचण आपल्या इतिहासानंच निर्माण केली आहे. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. त्याआधी भोकरदन, राजूर हा सगळा भाग औरंगाबाद जिल्ह्यात होता. म्हणजे १९७५ साली कुणी इथल्या बाजारपेठेवर प्रबंध लिहिला असेल, तर त्याच्या शीर्षकात औरंगाबाद असेल, जालना नसेल. आज त्या औरंगाबाद जिल्ह्याचं नाव छत्रपती संभाजीनगर आहे. त्याही मागे गेलात, १९४८ च्या आधी, तर आपण हैदराबाद संस्थानात. तेव्हा मराठवाड्याचं स्वतःचं विद्यापीठ नव्हतं. ते २३ ऑगस्ट १९५८ ला स्थापन झालं. त्यापूर्वीच्या पिढीतली मुलं हैदराबादला उस्मानिया विद्यापीठात जात आणि तिथे उच्च शिक्षणाचं माध्यम उर्दू होतं. आपल्याबद्दलचं जुनं लिखाण हैदराबादच्या कपाटांत उर्दूतूनही असू शकतं, हे कुणाच्या चटकन लक्षात येत नाही. मराठवाडा विद्यापीठाचा १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला; त्याआधीचे प्रबंध नुसत्या ‘मराठवाडा विद्यापीठ’ या नावाखाली नोंदलेले दिसतात. परभणीच्या कृषी विद्यापीठाचंही तेच. १९७२ पासून ते मराठवाडा कृषी विद्यापीठ होतं, २०१३ पासून वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ. शोधताना दोन्ही नावं टाका.

रोमन लिपीतलं स्पेलिंग हा आणखी एक वैताग. आसईची लढाई आपल्याच जिल्ह्यातली, २३ सप्टेंबर १८०३ ची. वेलस्ली आणि शिंदे-भोसले यांच्या या लढाईवर इंग्रजीत लिहिणारे गावाचं नाव इंग्रजांनी रूढ केलेल्या ‘असाये’ या रूपातच लिहितात. आपण उच्चाराप्रमाणे टाकलं तर समोर काहीच येत नाही आणि आपल्याला वाटतं, यावर कुणी लिहिलंच नाही.

आता प्रबंध शोधायच्या जागा सांगतो.

पहिली शोधगंगा. गांधीनगरचं इन्फ्लिबनेट केंद्र ती चालवतं. विद्यापीठ अनुदान आयोगानं २००९ मध्ये नियम केला की पीएच.डी.च्या प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत दिली पाहिजे, आणि तिथून हा साठा वाढत गेला. आज त्यात देशभरातले पाच लाखांहून अधिक प्रबंध आहेत. पैसे पडत नाहीत, मोबाइलवर उघडतात. पण तिथे प्रबंध एकसंध नसतो, प्रकरणवार तुकड्यांत असतो. शीर्षकाचं पान एका फाइलीत, प्रमाणपत्र दुसऱ्या, पहिलं प्रकरण तिसऱ्या. पुष्कळजण पहिली फाइल उघडतात, आत एकच पान दिसतं आणि ते बंद करून टाकतात. तसं करू नका, खाली जात राहा. मराठीतल्या प्रबंधांना आणखी एक शाप आहे. कित्येक प्रबंध युनिकोडपूर्व काळातल्या फाँटमध्ये टाइप केलेले आहेत किंवा नुसते स्कॅन केलेले आहेत. त्यांच्या आतला मजकूर यंत्राला वाचता येत नाही, म्हणून शब्द टाकून ते वर येत नाहीत. त्यावर उपाय एकच: विद्यापीठ निवडायचं, मग विभाग निवडायचा, मराठी, इतिहास, भूगोल, लोकप्रशासन, आणि शीर्षकांची यादी डोळ्यांनी चाळायची. कंटाळवाणं काम आहे, पण गाथा चाळणाऱ्या गावाला ते जड जाऊ नये.

दुसरी जागा शेतकऱ्यांसाठी शोधगंगेपेक्षा मोलाची आहे, असं मला मनापासून वाटतं. ती म्हणजे कृषिकोश, भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या यंत्रणेतला साठा. शोधगंगेत भर पीएच.डी.वर आहे; कृषिकोशात एम.एस्सी. कृषीचेही प्रबंध मिळतात. ते लिहिणारी मुलं बावीस-चोवीस वर्षांची असतात, भाषा साधी असते, प्रयोग छोटा आणि जमिनीला धरून असतो. विस्तार शिक्षणाचे विद्यार्थी तर तालुके आणि गावं निवडून शेतकऱ्यांच्या मुलाखतीच घेतात: ठिबक कोण वापरतं, शिफारस केलेली खतमात्रा कोण पाळतं, कोण पाळत नाही आणि का. आपल्या जिल्ह्यात बदनापूरला तूर आणि मोसंबी यांवर काम करणारी संशोधन केंद्रं आहेत. बीडीएन ७११ ही तूर तिथूनच तुमच्या शिवारात आली. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे. या दोन पिकांच्या नावानं कृषिकोशात एक संध्याकाळ घालवा. मोसंबीच्या बागा का वाळतात, याचं एखाद्या कीटकनाशकाच्या दुकानात मिळणाऱ्या उत्तरापेक्षा वेगळं उत्तर तिथे मोजमापांसकट सापडू शकतं.

वैद्यकीय पदव्युत्तर प्रबंधिकांची गोष्ट थोडक्यात उरकतो, कारण त्या अजून बहुतांशी त्या त्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयातच पडून असतात आणि तिथे जाऊनच पाहाव्या लागतात.

परदेशात आपल्यावर किती लिहिलं गेलं आहे, याची कल्पना आपल्याला नसते. एलिनॉर झेलियट यांनी बाबासाहेब आणि महार चळवळीवरचा प्रबंध पेन्सिल्वेनिया विद्यापीठाला १९६९ मध्ये दिला. पुस्तकरूपानं तो २००४ मध्ये आला. मधली पस्तीस वर्षं तो अप्रकाशित होता, आणि तरीही त्या विषयावर लिहिणाऱ्यांना त्याच्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं. गेल ऑम्व्हेट यांचा सत्यशोधक आणि ब्राह्मणेतर चळवळीवरचा ग्रंथ हाही मुळात बर्कलीचा प्रबंधच. स्वतः बाबासाहेबांचे ‘रुपयाचा प्रश्न’ आणि प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा ग्रंथ हे लंडन व कोलंबियाला दिलेले प्रबंध होते. ज्ञानकोशकार केतकरांनी जातिसंस्थेवरचं पुस्तक कॉर्नेलला शिकत असताना लिहिलं. प्रबंध म्हणजे कपाटात धूळ खाणारा कागद, हा समज या चार नावांनी तरी दूर व्हावा.

असे परदेशी प्रबंध पूर्वी मायक्रोफिल्मवर विकत मिळत. अमेरिकेत ॲन आर्बरला १९३८ साली त्यासाठी एक कंपनीच निघाली. तीच आज प्रोक्वेस्ट म्हणून ओळखली जाते आणि तिचा साठा विकतचा आहे. काही विद्यापीठांच्या ग्रंथालयांत तो पाहता येतो. फुकट हवं असेल तर ‘ओपन ॲक्सेस थिसेस अँड डिझर्टेशन्स’ या सूचीत शोधा. ती जगभरातल्या विद्यापीठांचे खुले प्रबंध एकत्र दाखवते. ब्रिटिश लायब्ररीची प्रबंधसूची फार चांगली होती, पण ऑक्टोबर २०२३ च्या सायबर हल्ल्यात ती बंद पडली. म्हणून कुठल्याही एका सूचीवर विसंबू नका. प्रबंध ज्या विद्यापीठाचा, त्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावर जाऊन पाहा.

सापडलेला प्रत्येक प्रबंध चांगला असतो, असं मी म्हणणार नाही. उचलेगिरी इतकी वाढली की विद्यापीठ अनुदान आयोगाला २०१८ मध्ये नियम करावे लागले. दहा टक्क्यांपर्यंतचं साम्य चालवून घेतात, त्यापुढे चाळीस आणि साठ टक्क्यांच्या टप्प्यांवर कारवाई चढत जाते. पारख करायची तर पहिलं प्रकरण सोडून द्या. तिथे सगळेच सारखं लिहितात. थेट शेवटी जा. परिशिष्ट पाहा, प्रश्नावली पाहा, तक्ते पाहा, मुलाखती कुठल्या गावात आणि कधी घेतल्या ते पाहा. सामान्य प्रबंधातही कुणीतरी मोजलेल्या विहिरींची पाणीपातळी असते, एखाद्या म्हातारीनं सांगितलेली ओवी असते. निष्कर्ष कच्चा असला तरी ती नोंद पक्की असते, आणि ती म्हातारी आता नसते.

शेवटची गोष्ट तुमच्याच हातातली आहे. इथे राजूरला अंगारकी चतुर्थीला लाखोंनी माणसं येतात. त्यांत कधी वही घेतलेला मुलगा किंवा मुलगी येते, यात्रेबद्दल, दुकानांबद्दल, पाण्याबद्दल विचारते. सोयाबीनच्या हंगामात बांधावर येते. तुम्ही तास-तास उत्तरं देता, चहा पाजता, आणि नंतर त्या कागदांचं काय झालं ते तुम्हाला कळत नाही. पुढच्या वेळी उत्तरं देण्याआधी चार गोष्टी लिहून घ्या: नाव, विद्यापीठ, मार्गदर्शकाचं नाव आणि प्रबंधाचा विषय, जसा नोंदवला आहे अगदी तसाच. तो कागद गावच्या वाचनालयात ठेवा. तीन-चार वर्षांनी तुमच्यातल्या कुणीही तेच शब्द शोधगंगेत किंवा कृषिकोशात टाकावेत आणि आपण दिलेली उत्तरं तिथे नीट उतरली आहेत का, ते तपासावं. चुकीची उतरली असतील, तर विद्यापीठाला पत्र लिहावं.