जुने यंत्र गेले. नवे कोणते घ्यावे?



न्यायमूर्ती रानडे यांनी 1875 साली पुण्यास वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला आणि पुढे तिच्या धर्तीवर गावोगावी व्याख्यानमाला निघाल्या. अशा व्यासपीठांवरून इतिहास, अर्थकारण, तत्त्वज्ञान आणि वाङ्मय यांची चर्चा पिढ्यान्‌पिढ्या होत आली आहे. तेथे उभे राहून कपडे धुण्याच्या यंत्राविषयी बोलावयाचे, म्हणजे देवघरात धुण्याची बादली आणून ठेवण्यासारखे काहींना वाटेल. परंतु बेताच्या मिळकतीच्या कुटुंबाच्या शिलकीतून एकदम पंधरा-वीस हजार रुपये काढून नेणारा प्रश्न हा अर्थशास्त्राचाच प्रश्न होय. आणि यंत्र बंद पडल्यावर मोरीत जाऊन कोणी बसावयाचे, हा समाजशास्त्राचा. तेव्हा विषय हलका समजू नये, एवढी विनंती करून आरंभ करतो.

पहिले यंत्र आपण हौसेने घेतो, दुसरे नाइलाजाने. पहिल्या वेळी महिनामहिना चौकशी चालते, शेजाऱ्यांचे मत घेतले जाते, दसरा-पाडव्याची वाट पाहिली जाते. दुसऱ्या वेळी तसे होत नाही. यंत्र सोमवारी बंद पडते, बुधवारपर्यंत धुण्याचा ढीग खुर्चीवर चढतो, आणि गुरुवारी संध्याकाळी आपण दुकानात उभे असतो. घाईने आलेले गिऱ्हाईक दुकानदार दुरून ओळखतो. म्हणून आमची पहिली सूचना अशी की, आठ दिवस हाताने धुवावे किंवा परटाकडे द्यावे, पण घाईने खरेदी करू नये. आठ दिवसांची गैरसोय विसरली जाते. चुकीचे यंत्र दहा वर्षे घरात उभे राहते.

या आठ दिवसांत प्रथम ठरवावयाचे ते हे की, जुने यंत्र खरोखर गेले आहे काय? पाणी बाहेर जात नसेल तर पुष्कळदा पंपाच्या जाळीत नाणे, बटण किंवा केसांचा गुंता अडकलेला असतो. पाणी आत येत नसेल तर नळीच्या तोंडाशी असलेली बारीक जाळी गाळाने भरलेली असते. मोटर नुसतीच गुणगुणत असेल तर कपॅसिटर गेला असण्याचा संभव असतो. मोटर फिरते पण ड्रम फिरत नाही, तर पट्टा सुटलेला किंवा झिजलेला असतो. ही सारी किरकोळ दुखणी होत. याउलट, पिळताना आगगाडीसारखा खडखडाट होत असेल तर बेअरिंग गेले असे समजावे. सील झिजले, की पाणी बेअरिंगपर्यंत पोहोचते, गंज चढतो आणि आवाज सुरू होतो. ज्या यंत्राचा बाहेरचा डबा स्क्रूने जोडलेला असतो त्याचे बेअरिंग बदलता येते. ज्याचा डबा कारखान्यातच कायमचा चिकटवलेला असतो त्याचा अख्खा डबाच बदलावा लागतो, आणि तो खर्च नव्या यंत्राच्या किमतीकडे झुकतो. आमचे प्रमाण साधे आहे: यंत्र आठ वर्षांपलीकडचे असेल आणि दुरुस्तीचा अंदाज नव्याच्या निम्म्या किमतीवर जात असेल, तर त्यास निरोप द्यावा, एरव्ही दुरुस्त करावे.

आता नवे घ्यावयाचेच ठरले असे समजू. बाजारात मुख्यतः तीन जाती आहेत. दोन टबांचे अर्धस्वयंचलित. वरून झाकण उघडणारे पूर्ण स्वयंचलित. आणि समोरून गोल दार असलेले. दुकानात यांची प्रतवारी गरीब, मध्यम आणि श्रीमंत अशी लावतात. आमच्या मते ही प्रतवारी खिशावरून लावावयाचीच नव्हे. ती घरच्या पाण्यावरून लावली पाहिजे. ज्या घरी नळाला दिवसातून तासभर पाणी येते, किंवा उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तेथे दोन टबांचे यंत्र हेच शहाणपणाचे. त्यात बादलीने पाणी ओतता येते; पांढऱ्या कपड्यांच्या साबणाच्या पाण्यात पुढे रंगीत आणि शेवटी पायपुसणी धुता येतात; नळ गेला तरी यंत्र अडून बसत नाही. त्याची रचना साधी असल्यामुळे कोणताही जाणता मिस्त्री ते उघडू शकतो. त्याची किंमत मात्र मनुष्याच्या श्रमाने द्यावी लागते, कारण ओले, जड कपडे एका टबातून काढून ड्रायरमध्ये कोणाला तरी घालावे लागतात. ज्या घरी त्या ‘कोणा तरी’ची पाठ दुखते, तेथे ही काटकसर खोटी आहे.

समोरून उघडणारे यंत्र पाणी सर्वांत कमी घेते आणि कपडे आपटत-घोळवत धुते, त्यामुळे कापडही कमी झिजते. पण त्याला पाण्याचा दाब हवा. गच्चीवरची टाकी नळापेक्षा दहा मीटर उंच असेल तर सुमारे एक बार दाब मिळतो. तीन मीटर उंच असेल तर त्याचा जेमतेम तिसरा हिस्सा. म्हणजे चार मजली इमारतीत तळमजल्यावर जे यंत्र सुखाने चालते, तेच टाकीच्या लगेच खालच्या मजल्यावर पाण्यासाठी ताटकळत राहते. किमान दाब किती हवा हे प्रत्येक यंत्राच्या माहितीपुस्तिकेत छापलेले असते. पैसे देण्यापूर्वी पुस्तिकेचे ते पान मागून घ्यावे.

मधली जात, वरून उघडणारे पूर्ण स्वयंचलित, ही बहुसंख्य घरांना मानवते. तिला पाणी समोरच्या दाराच्या यंत्रापेक्षा बरेच जास्त लागते, परंतु वाकावे लागत नाही, मध्येच एखादा मोजा टाकता येतो आणि दुरुस्ती फारशी महाग पडत नाही. टाकीचे पाणी दिवसभर मिळते पण पैसे बेताचे आहेत, अशा कुटुंबास आम्ही हीच जात सुचवू; आणि तीही साधी, गरम पाण्याच्या सोयीवाचूनची व फोनला न जोडलेली.

गरम पाण्याविषयी थोडा हिशेब मांडू. पंधरा लिटर पाणी 25 अंशांवरून 60 अंशांवर न्यावयाचे तर सुमारे 0.6 युनिट वीज जाते. कपडे घोळवण्यास आणि पिळण्यास लागणारी वीज याहून पुष्कळ कमी असते. रोजच्या घामाच्या कपड्यांना आपल्या हवेत थंड पाणी पुरते. तान्हे मूल, आजारी माणूस किंवा तेलकट कपडे ज्या घरी नित्य आहेत, त्यांनी मात्र ही सोय अवश्य घ्यावी. त्यातही बोअरचे जड पाणी असेल तर तापवणाऱ्या कांडीवर क्षारांचा थर चढतो आणि अधूनमधून लिंबूसत्त्वाने तो काढावा लागतो, हे ध्यानात ठेवावे.

यंत्रावर सात किलो, आठ किलो असे आकडे लिहिलेले असतात. हे वजन कोरड्या कपड्यांचे होय. एक जीनची पँट साधारण सहा-सातशे ग्रॅम भरते, मोठ्या पलंगाची सुती चादर त्याहून थोडी अधिक. घरच्या काट्यावर एक दिवसाचे धुणे तोलून पाहावे, म्हणजे आपली गरज कळेल. चौघांच्या घराला सहसा सात किलोचे यंत्र पुरते. दिवाळीत वर्षातून एकदा रजई धुवावयाची म्हणून बारा महिने मोठे यंत्र अर्धे रिकामे चालवणे, हे पाहुण्यांसाठी वाडा बांधण्यासारखे आहे.

पिळण्याच्या वेगाचेही असेच. वेग 700 फेऱ्यांवरून 1400 वर नेला, म्हणजे दुप्पट केला, तर त्याच ड्रममध्ये कपड्यावरचा जोर चौपट होतो. पण कपडे चौपट कोरडे होत नाहीत. सुरुवातीचे पाणी लवकर निघते, शेवटचे हट्टाने बसून राहते. कोकणात किंवा मुंबईत, जेथे आषाढ-श्रावणात घरभर दोऱ्या बांधाव्या लागतात, तेथे जास्त वेगाला अर्थ आहे. सोलापूर-लातूरकडच्या उन्हात त्यासाठी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही.

यापुढे जाहिरातीतील एक मोठे अक्षर पाहू: ‘मोटरवर दहा वर्षांची हमी.’ श्रोतेहो, मोटर हा यंत्राचा दणकट अवयव आहे. पुष्कळ यंत्रे मरतात ती बेअरिंगने, सीलने, आणि ज्याला मिस्त्री ‘पीसीबी’ म्हणतात त्या पट्टीने. विजेचा चढउतार, दमट भिंत आणि तारा कुरतडणारा उंदीर हे त्या पट्टीचे वैरी. दहा वर्षांच्या हमीत सहसा यांतले काहीच बसत नाही. तिसऱ्या वर्षी मोटर फुकट मिळाली तरी ती बसवणाऱ्याच्या येण्याचे पैसे वेगळे पडू शकतात. म्हणून विचारावयाचे ते असे: संपूर्ण यंत्राची हमी किती वर्षांची? पीसीबीची किंमत काय? डबा उघडता येतो काय? दुकानदाराला उत्तर ठाऊक नसेल तर त्या कंपनीच्या सेवा केंद्रास विचारावे. आणि सर्वांत उत्तम म्हणजे आपल्याच गल्लीत दुरुस्ती करणाऱ्या मिस्त्रीस विचारावे. कोणत्या यंत्राचे भाग दोन दिवसांत मिळतात आणि कोणत्याचे महिनाभर येत नाहीत, हे त्याच्याइतके कोणालाही माहीत नसते.

स्वस्त आणि टिकाऊ यांचा झगडा आकड्यांनी सोडवू. समजा, आठवड्यातून पाच वेळा यंत्र लावले, म्हणजे वर्षास 260 धुणी. चौदा हजारांचे एक यंत्र पाच वर्षांत मोडीत गेले, तर एका धुण्यास पावणेअकरा रुपये पडले. चोवीस हजारांचे दुसरे, चार हजारांची दुरुस्ती घेऊन दहा वर्षे चालले, तर तेही पावणेअकराच. पण सतरा हजारांचे साधे यंत्र, तेवढीच दुरुस्ती घेऊन नऊ वर्षे टिकले, तर एक धुणे नऊ रुपयांत होते. वीज, पाणी, साबण वेगळे. हे आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. आपल्या घरचे आपण घालावेत. तात्पर्य इतकेच की, किमतीच्या चिठ्ठीवर स्वस्ताई कळत नाही; ती आयुष्यावर कळते, आणि आयुष्य हे दुरुस्तीच्या सोयीवर अवलंबून असते.

ही गोष्ट आता सरकारांनाही पटू लागली आहे. युरोपीय संघाने 1 मार्च 2021 पासून धुलाईयंत्रांचे सुटे भाग दहा वर्षे पुरवण्याचे बंधन उत्पादकांवर घातले. आपल्याकडे केंद्र सरकारने डिसेंबर 2022 मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ या नावाने माहितीचे दालन उघडले. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा 20 जुलै 2020 पासून अमलात आला असून तक्रारीसाठी 1915 हा राष्ट्रीय क्रमांक आहे. त्यासाठी पक्के बिल आणि दुकानाचा शिक्का मारलेले हमीपत्र जपून ठेवले पाहिजे. शंभर-दोनशे रुपये वाचावेत म्हणून बिलावाचून खरेदी करणे म्हणजे आपला हक्क आपल्या हाताने मोरीत सोडून देणे होय.

यंत्र घरी आल्यावरही चार गोष्टी सांभाळाव्या. समोरून उघडणाऱ्या यंत्राच्या पाठीमागे प्रवासासाठी लावलेले मोठे बोल्ट असतात. ते काढल्याशिवाय चालवले तर यंत्र खोलीभर नाचते. चारही पाय जमिनीस टेकले आहेत काय, ते पाहावे. चाकांच्या स्टँडवर ते हादरते. अर्थिंग असलेले तीन खिळ्यांचे प्लगघर हवेच हवे. ओल्या हाताशी गाठ असल्याने येथे काटकसर जिवावर बेतते. पावडर बेताने घालावी. फेस जास्त म्हणजे स्वच्छता जास्त हा समज खोटा आहे, उरलेला साबण यंत्रातच साचतो आणि कुबट वास येतो. धुणे झाल्यावर दार तासभर उघडे ठेवावे. आणि जुने यंत्र भंगारात फेकण्याऐवजी बदल्यात द्यावे किंवा अधिकृत संकलकाकडे द्यावे. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेले ई-कचऱ्याचे नियम त्यासही लागू आहेत.

शेवटी एकच सांगावयाचे आहे. दुकानात आम्ही नेहमी पाहतो, यंत्र निवडतो एक आणि वापरते दुसरी. पुरुष मोटरचे आकडे वाचतात, मुले रंग पाहतात. आणि जिला रोज त्या झाकणाशी उभे राहावयाचे ती बाजूला पर्स धरून उभी असते. झाकण तिच्या हाताला पोहोचते काय, वाकल्याने गुडघा दुखतो काय, बटणांवरची अक्षरे तिला वाचता येतात काय, हे कोणी विचारत नाही. जेथे कामाला बाई येते, तेथे तिलाही विचारावे. यंत्राचे खोड्याळ स्वभाव तिला अधिक ठाऊक असतात. धुणे हे शतकानुशतके बायकांच्या हाडांनी केलेले काम आहे. यंत्राने ते ओझे उतरवावयाचे असेल तर निवडीचा शेवटचा शब्द त्या हातांचा असला पाहिजे. पैसे कोणाच्याही खिशातून जावोत, बोट मात्र तिने दाखवावे.