अटकेच्या पंचनाम्यात नसलेले मूल

अटकेचा विचार भारतीय कायद्याने आजवर प्रामुख्याने दोन बाजूंनी केला आहे: एक आरोपीच्या स्वातंत्र्याची आणि दुसरी तपासाच्या गरजेची. ज्या घरातून आई किंवा बाप नेला जातो, त्या घरात मागे राहिलेले तीन-चार वर्षांचे मूल ही या व्यवहाराची तिसरी बाजू असून, जालन्यात भरलेल्या या परिषदेने तिचाच विचार प्रथम करावा, अशी अध्यक्षपदाची भूमिका आहे.

डी. के. बसू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर १९९६ रोजी जे दंडक घालून दिले, त्यांतील अटकेची लेखी नोंद व आप्तास खबर देण्याचे बंधन आज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६ व ४८ मध्ये आले आहे. मात्र ही खबर आरोपीच्या हितासाठी असते, त्याच्यावर कोणते लहान मूल अवलंबून आहे हे विचारण्याचे बंधन या कलमांत नाही. पुढे १३ एप्रिल २००६ रोजी आर. डी. उपाध्याय प्रकरणात त्याच न्यायालयाने कैदी मातांच्या सहा वर्षांपर्यंतच्या मुलांना आईजवळ राहू द्यावे, त्यांच्यासाठी पाळणाघर, आहार व शिक्षणाची सोय करावी, असे आदेश दिले. म्हणजे मुलाविषयीची काळजी सुरू होते ती कारागृहाच्या दरवाजाशी, आणि घराचा उंबरठा ते तो दरवाजा यांमधल्या काळात मूल कोणत्याच नोंदवहीत नसते. स्त्रीला सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी अपवादाखेरीज अटक करता येत नाही. बापाच्या अटकेला मात्र रात्रीचे असे बंधन नाही, आणि मध्यरात्री वाजलेले दार मूलही ऐकते.

जालना जिल्ह्यात हा प्रश्न अधिक टोकदार होतो. अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या भागांतून दर हंगामात ऊसतोडीला जाणारे ‘कोयते’, म्हणजे एकत्र उचल घेऊन काम करणारी नवरा-बायकोची जोडी, पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात कोप्यांत राहतात, तर जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतील पोलाद कारखान्यांत बिहार-उत्तर प्रदेशातून आलेले मजूर भाड्याच्या खोल्यांत राहतात. अशा कुटुंबातील माणसाला अटक झाली, गावाकडच्या भावाला फोन केला, की कायद्याचे अक्षर पाळले जाते. पण तो भाऊ पोहोचेपर्यंत खोलीत राहिलेल्या पोराला जेवू कोण घालणार, याचे उत्तर त्या फोनमध्ये नसते. पारधी व अन्य विमुक्त जमातींच्या बाबतीत तर ही जखम जुनी आहे, कारण १८७१ पासून चालत आलेला गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला तरी संशयाची सवय रद्द झाली नाही. छाप्यांत घरची माणसे धरून नेली जाताना पाहणाऱ्या मुलाचे जग मराठी साहित्यात लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ने १९८७ मध्येच मांडले, आणि ते वाचूनही ठाण्यातला कागद तसाच राहावा ही खेदाची गोष्ट आहे.

वास्तविक यंत्रणा आहे. बाल न्याय अधिनियम २०१५ नुसार प्रत्येक पोलीस ठाण्यात किमान एक बाल कल्याण पोलीस अधिकारी असावा लागतो, जिल्ह्यात बाल संरक्षण कक्ष असतो, आणि काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाला चोवीस तासांत बालकल्याण समितीपुढे, म्हणजे अशा बालकांविषयी निर्णय घेण्याचा अधिकार असलेल्या पाच जणांच्या मंडळापुढे, हजर करावे लागते. तथापि आई अनेकदा मूल असल्याचे सांगतच नाही, कारण सरकार पोर घेऊन जाईल ही भीती तिच्या मनात असते. ती भीती अनाठायी म्हणता येत नाही, म्हणूनच बालगृह हा शेवटचा उपाय मानावा हे त्याच अधिनियमातील तत्त्व ठाण्यात मोठ्याने सांगितले गेले पाहिजे: आधी आजी, मावशी, चुलती, विश्वासातली शेजारीण, आणि मगच संस्था.

संयुक्त राष्ट्रांच्या २०१० च्या बँकॉक नियमांनुसार मुलांची जबाबदारी असलेल्या स्त्रीला कारागृहात दाखल होण्यापूर्वी त्यांची व्यवस्था लावण्याची मुभा मिळाली पाहिजे, तर आंतरराष्ट्रीय पोलीस प्रमुख संघटनेच्या २०१४ च्या नमुना धोरणात शक्यतो मुलाच्या डोळ्यांदेखत अटक टाळावी, असे सांगितले आहे. जालना जिल्ह्याला यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. अटकेच्या कागदात ‘अवलंबून असलेली मुले, वय, सध्या कोठे, कोणाच्या स्वाधीन’ एवढा एक रकाना वाढवता येईल. मूल अंगणवाडीत किंवा शाळेत असेल तर सेविकेला वा शिक्षकाला सुटीपूर्वी कळवता येईल. गावात कोणाचे कोण, हे पोलीस पाटलाला ठाऊक असतेच.

राहतो तो मुलाला सांगण्याचा प्रश्न. भारताने १९९२ मध्ये स्वीकारलेल्या बालहक्क संहितेचा नववा अनुच्छेद ताब्यात घेतलेल्या पालकाचा ठावठिकाणा, मुलाच्या हिताला बाध येत नसेल तर, मुलालाही कळण्याचा हक्क मान्य करतो. हे सांगण्याची भाषा पंचनाम्याची असू शकत नाही. आई कोठे आहे, आज रात्री कोणाजवळ झोपायचे आहे आणि तिला कधी भेटता येईल, हे चार वर्षांच्या मुलाला मराठीत, पारध्यांच्या बोलीत आणि भोजपुरीतही कळेल अशी दहा-बारा वाक्ये लिहून ती जिल्ह्यातील प्रत्येक ठाण्यात पोहोचवण्याचे काम या परिषदेतील लेखक, वकील व कार्यकर्त्यांना आजच हाती घेता येण्यासारखे आहे.