वाचनाची गोडी आणि वाचनाची सोय

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



मुले वाचत नाहीत ही तक्रार हल्ली इतक्या एकमुखाने केली जाते की, तिच्यामागील गृहीत तपासून पाहण्याची गरज कोणालाच वाटत नाही. गोडी नाही म्हणून वाचन नाही, हे निदान. आणि व्याख्याने, स्पर्धा, प्रतिज्ञा हा उपाय. महाराष्ट्रात २०१५ पासून १५ ऑक्टोबर हा वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळला जातो. प्रेरणेला कोणाची हरकत असणार? परंतु अर्थशास्त्राच्या प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते की, गरज कितीही तीव्र असली तरी क्रयशक्तीवाचून ती बाजारात मागणी म्हणून उमटत नाही. वाचनाचेही तसेच आहे. त्याला मोकळा वेळ लागतो, उजेड लागतो, बसायला जागा लागते, हाताशी पुस्तक लागते. आणि घराण्यात प्रथमच शाळेत गेलेल्या मुलाला शेजारी एक जाणते माणूस लागते. या गोष्टींची वाटणी समाजात किती विषम आहे, हे न पाहता गोडीची चर्चा करणे म्हणजे उपाशी माणसाला भुकेचे महत्त्व पटवून देणे होय.

‘असर’च्या पाहणीत ग्रामीण भारतातील पाचवीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुले २०१८ साली ५०.५ टक्के होती. साथीच्या काळात शाळा बंद राहिल्या आणि २०२२ मध्ये हे प्रमाण ४२.८ वर उतरले; २०२४ मध्ये ते ४८.८ झाले. म्हणजे निम्म्याहून अधिक मुलांपुढे गोडीचा प्रश्न अद्याप उद्भवलेलाच नाही. अक्षराला अक्षर जोडीत जाणाऱ्या मुलाचे सारे लक्ष काना-मात्रांत आणि जोडाक्षरांत खर्ची पडते व वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत त्याचा आरंभ हातून निसटलेला असतो. त्यात घरची बोली वारली, कोरकू किंवा भिली असेल, तर शब्द लागूनही अर्थ लागत नाही. अशा मुलाला वर्गात उभे करून वाचायला लावावे, तो अडखळावा आणि बाकीच्यांनी हसावे, यातून तो एकच धडा पक्का शिकतो: पुस्तक ही आपली फजिती करणारी वस्तू आहे. पुढे गाइडातील उत्तरे पाठ करून तो उत्तीर्णही होतो. वाचक मात्र होत नाही.

या मुलाला आधी कोणीतरी वाचून दाखविले पाहिजे. ही काही परदेशी शिक्षणशास्त्राची देणगी नव्हे. श्रावणात गावोगाव ‘हरिविजय’, ‘पांडवप्रताप’ लावले जात. एकजण वाची, दुसरा अर्थ सांगे आणि अक्षरओळख नसलेली माणसेही सारे कथानक सांगू शकत. (त्या पोथ्यांतील समाजदृष्टी हा स्वतंत्र वादाचा विषय, येथे प्रश्न पद्धतीचा आहे.) भाषेची वळणे कानाला परिचित झाली की डोळ्यांचे काम हलके होते. शिक्षकाने रोज पंधरा मिनिटे परीक्षेशी संबंध नसलेले पुस्तक वाचून दाखवावे आणि त्यावर एकही प्रश्नोत्तर लिहायला लावू नये. अभ्यासक्रम मागे पडतो, अशी ओरड होईल. जो अभ्यासक्रम निम्म्या मुलांना वाचताच येत नाही, तो पुढे जाऊन तरी कोठे पोचतो?

विद्यार्थी-वाचकाला आधार देणे म्हणजे काय, याचे एक उदाहरण आपल्या परिचयाचे आहे. परळच्या चाळीत एका खोलीत सारे आंबेडकर कुटुंब राहत होते. भीमराव शाळा सुटल्यावर चर्नी रोडच्या बागेत वाचत बसे. तेथे येणारे शिक्षक कृष्णराव अर्जुन केळूसकर यांनी त्याची विचारपूस केली, त्याला पुस्तके दिली. त्याच्या परीक्षेतील यशाबद्दल सभा झाली तेव्हा त्यांनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले. हे चरित्र बडोद्याच्या ग्रंथमालेसाठी लिहिले होते, असे आंबेडकरांनीच नमूद केले आहे. उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्ती मिळाली तीही बडोद्याची, आणि त्यासाठी शब्द टाकला तो केळूसकरांनी. एका शिक्षकाची नजर आणि सार्वजनिक पैसा, दोन्ही लागले. यांपैकी एकच असते तर काय झाले असते, याचा विचार प्रतिभेच्या गोष्टी सांगणाऱ्यांनी जरूर करावा.

त्याच आठवणीत आणखी एक तपशील आहे. वडील मुलांकडून रोज रामायण-महाभारत वाचून घेत. भीष्म, द्रोण व कृष्ण यांच्याविषयी मुलाने आक्षेप घेतले, हेच ग्रंथ का वाचायचे असे विचारले. वडिलांनी उत्तर दिले. मुलाचे समाधान झाले नाही. पुस्तकाशी असे भांडता येणे, ही वाचनाची खरी इयत्ता.

सयाजीरावांनी १९०६ साली राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि १९१० पासून ग्रंथालयांचे जाळे उभारले. पुस्तक हाती नसेल तर शिकलेली अक्षरे पुसली जातात, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून खेड्यांकडे पुस्तकांच्या पेट्या फिरविल्या गेल्या. कोल्हापूर संस्थानाने १९४५ सालीच ग्रंथालय कायदा केला. मद्रास प्रांताच्या १९४८ च्या कायद्याने मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर बसवून हक्काचे उत्पन्न दिले. महाराष्ट्राच्या १९६७ च्या कायद्यात असा उपकर नाही, त्यामुळे ग्रंथालये अनुदानाच्या तोंडाकडे पाहत राहतात.

शाळांबाबत तर कायदा स्पष्ट आहे. शिक्षणहक्क कायद्याच्या (२००९) परिशिष्टात प्रत्येक शाळेत वर्तमानपत्रे, मासिके व गोष्टीच्या पुस्तकांसह ग्रंथालय असावे, असे म्हटले आहे. पुस्तके बऱ्याच ठिकाणी आलीही. परंतु हरवलेल्या पुस्तकाचा जाब शिक्षकाला द्यावा लागेल या भीतीने कपाटाला कुलूप लागते आणि डेडस्टॉक रजिस्टर तेवढे बिनचूक राहते. कोरे करकरीत पुस्तक हे व्यवस्थेच्या लेखी यश आहे. वस्तुतः ते अपयश आहे.

कार्यकर्त्यांना येथे करण्याजोगे पुष्कळ आहे. शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. तेथे बसून कपाटाची किल्ली मागता येते. शाळा सुटल्यावर एक खोली व एक दिवा तासभर उघडा ठेवण्याचा ठराव करून घेता येतो. आणि तेथे बसणारा जाणता माणूस आपल्यातूनच पुरवता येतो. मात्र एक पथ्य पाळावे. त्या खोलीत पक्षाच्या पुस्तिकांचा गठ्ठा घेऊन जाऊ नये. मुलाला बाबूराव अर्नाळकरांची रहस्यकथा हवी असेल तर ती द्यावी. मुलीला तेच पुस्तक चौथ्यांदा न्यायचे असेल तर नेऊ द्यावे. आपल्याला हवे तेच वाचणारा मुलगा आपल्या उपयोगाचा वाटेल, पण तो वाचक नसेल. आणि एखाद्याने उद्या आपल्याच पुस्तिकेवर आक्षेप घेतला, तर त्याच्याशी वाद घालायला वेळ ठेवावा.

आणि वर्षाअखेर पाच-पन्नास पुस्तके फाटली, दहा-बारा हरवली, तर शिक्षकाकडून भरपाई न मागता समितीने ती खर्ची टाकावीत व नव्या पुस्तकांची मागणी त्याच ठरावात नोंदवावी.